मुलांच्या स्पर्धा, पोलीस पडताळणी अन् ग्राउंडवरचे नियम: नागपूरच्या पालकांचे आणि कोचचे नेहमीचे प्रश्न

दरवर्षी स्पर्धेच्या महिनाभर आधी माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न येतात, कधी कोचचे, कधी आईचे, अन् अर्धे तर रात्री साडेदहाला. आमची स्पर्धा छोटी आहे, १४ अन् १७ वर्षांखालची पोरं-पोरी, खो-खो, कबड्डी अन् थोडं अ‍ॅथलेटिक्स, दोन-अडीच दिवसांचं काम. पण कागदपत्रांचं नाव काढलं की लोकं असे दचकतात जसं काही आपण इन्कम टॅक्सची धाड टाकून राहिलो. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. काही उत्तरं लांबली आहेत, जिथं लांबायला पाहिजे तिथंच लांबली आहेत.

पोलीस पडताळणी नेमकी कोणाची लागते?

मुलांच्या जवळ जाणार त्या प्रत्येकाची. कोच, असिस्टंट कोच, टीम मॅनेजर, फिजिओ, पंच, वजन घेणारा माणूस, मुक्कामाच्या जागेचा केअरटेकर, गाडीचा ड्रायव्हर. कोच सगळ्यांना आठवतो, पण रात्री हॉलची चावी ज्याच्याकडे असते तो कोणालाच आठवत नाही, अन् माझ्या मते तोच पहिला आठवायला पाहिजे. मंडपवाले, पाण्याच्या कॅनवाले, साउंडवाले हे मुलांच्या एरियात येतच नाहीत, त्यांचं काम सकाळी मुलं यायच्या आधी अन् संध्याकाळी मुलं गेल्यावर. दुपारी काही बिघडलंच तर आमचा माणूस सोबत असतो.

हे कायद्यात आहे का तुम्ही आपल्या मनानं करून राहिले?

बरंचसं कायद्यात आहे, थोडं आमच्या मनाचं. पोक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, २०१२ चा, त्याचे नवे नियम २०२० मध्ये आले, अन् त्यातल्या तिसऱ्या नियमात सरळ लिहिलंय की ज्या संस्थेचा मुलांशी नेहमीचा संबंध येतो, म्हणजे शाळा, पाळणाघर, स्पोर्ट्स अकॅडमी, अशा सगळ्यांनी आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी अन् पार्श्वभूमीची तपासणी ठरावीक काळानं करायची. शिकवणारा असो की न शिकवणारा, कायमचा असो की कंत्राटी. स्पोर्ट्स अकॅडमी हा शब्द नियमात आहे बरं का, कारण कित्येक क्लबवाले म्हणतात की ते शाळांसाठी आहे, आम्ही तर नुसते ग्राउंडवर शिकवतो. अन् नुसती पडताळणी करून भागत नाही, स्टाफला मुलांच्या सुरक्षेचं ट्रेनिंगही वेळोवेळी द्यायचंय, त्याच नियमात आहे, ते मात्र कोणी वाचत नाही.

आमच्या मनाचं म्हणजे स्वयंसेवकांची पडताळणी. नियम कर्मचाऱ्यांबद्दल बोलतो, आमच्याकडे पगारी माणूस एकही नाही. पण दोन दिवस मुलांमध्ये वावरणारा माणूस पगार घेतो की फुकट येतो यानं मुलाला काय फरक पडतो, म्हणून आम्ही सगळ्यांकडून घेतो.

कंत्राटी शब्दाकडे लक्ष द्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचाराचं जे प्रकरण झालं त्यातला आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारीच होता. त्यानंतर सरकारनं शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी अन् कर्मचाऱ्यांच्या पडताळणीबद्दल परत आदेश काढले, म्हणजे जे नियम चार वर्षांपासून कागदावर होतेच त्यांची आठवण करून द्यावी लागली.

प्रमाणपत्र काढायचं कुठून? पोलीस स्टेशनला खेटे घालावे लागतात का?

अर्ज ऑनलाइन होतो, महाराष्ट्र पोलिसांचं पोलीस क्लिअरन्सचं पोर्टल आहे तिथं. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो, अन् ज्या संस्थेसाठी पाहिजे तिचं पत्र. पत्र आम्ही देतो, मागा फक्त. नंतर तुमच्या राहत्या भागातल्या पोलीस स्टेशनमधून चौकशी होते, एखादी चक्कर पडू शकते. शहरात राहत असाल तर नागपूर पोलीस आयुक्तालय, काटोल, उमरेड, रामटेककडचे असाल तर नागपूर ग्रामीण पोलीस, ही दोन वेगळी दुकानं आहेत, चुकीच्या ठिकाणी अर्ज टाकला की फिरत बसा.

एक नागपुरी सल्ला: डिसेंबरच्या स्पर्धेसाठी नोव्हेंबरच्या शेवटी अर्ज टाकू नका. हिवाळी अधिवेशन लागलं की अर्धं पोलीस खातं बंदोबस्तात असतं, मोर्चे, रस्ते बंद, तेव्हा तुमची फाइल कोण पाहील. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गर्दी असते तेव्हाही तसंच. दिवाळीच्या आधीच काढून ठेवा.

माझ्याकडे तीन वर्षांपूर्वीचं आहे, तेच चालवून घ्या ना.

नाही चालत. ते प्रमाणपत्र सांगतं की त्या तारखेपर्यंत रेकॉर्डवर काही नव्हतं. पुढच्या दिवशीचंही ते सांगत नाही. आम्ही एक वर्ष धरतो.

मी वीस वर्षं कोचिंग करून राहिलो, अख्खं गाव ओळखते मला. माझ्याकडून कागद मागता?

हा प्रश्न नसतो, राग असतो, अन् मला तो कळतो. एका क्लबच्या सरांनी दोन वर्षांपूर्वी याच गोष्टीवरून टीम परत नेली होती, मुलं बिचारी रिक्षात बसून रडत गेली, मलाही वाईट वाटलं अन् आजही वाटतं. पण सर, तुम्हाला सोडलं तर उद्या दुसरा येईल, त्यालाही त्याचं गाव ओळखत असेल. कोणाला विचारायचं अन् कोणाला नाही हे मी तोंड पाहून ठरवू लागले तर ज्याचं तोंड गोड तो सुटेल. माझ्या सख्ख्या भावाचाही कागद घेतलाय मी, तो स्कोअरिंगला बसतो. तो आठ दिवस बोलला नाही माझ्याशी.

जुनी केस निघाली तर लगेच बाहेर का?

कशाची केस त्यावर. सिग्नल तोडला, कॉलेजात असताना आंदोलनात नाव आलं, भावकीत शेताच्या बांधावरून भांडण झालं, अशा गोष्टींनी कोणी बाहेर होत नाही, फक्त आधी स्वतःहून सांगा, लपवलेलं निघालं की मग विश्वास राहत नाही. ड्रायव्हर असेल तर दारू पिऊन गाडी चालवल्याची केस मात्र चालणार नाही, ते तर कोणालाही कळेल. मुलांवरचा, बाईवरचा गुन्हा किंवा हिंसेचा गंभीर गुन्हा असेल, केस चालू असली तरीही, तर मुलांजवळचं काम नाही. निकाल लागायचाय, निर्दोष सुटू शकतो, मान्य आहे, पण आम्ही काही कोर्ट नाही, आम्ही त्याला शिक्षा देऊन नाही राहिलो, फक्त दोन दिवस मुलांपासून लांब ठेवून राहिलो. ठरवताना तिघं बसतो अन् बाहेर बोलत नाही.

सरकारकडे लैंगिक गुन्हेगारांची यादी असते म्हणे, ती पाहून घेत जा ना सरळ.

यादी आहे, २०१८ पासून आहे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ठेवतो. पण ती पोलीस अन् तपास यंत्रणांसाठी आहे, तुम्हाला मला उघडून पाहता येत नाही. अमेरिकेत अशा याद्या लोकांना इंटरनेटवर पाहता येतात, तिथले व्हिडिओ पाहून लोकं विचारतात. आपल्याकडे रस्ता एकच, पोलिसांकडून पडताळणी.

सगळ्यांचे कागद क्लीन आले, म्हणजे आता टेन्शन नाही ना?

आता खरं बोलू का. कागदानं फक्त तोच सापडतो जो आधी एकदा पकडला गेलाय. ज्याच्याबद्दल घरच्यांनी तोंड दाबून ठेवलं, शाळेनं गुपचूप राजीनामा घेऊन दुसऱ्या गावाला पाठवून दिला, त्याचा कागद तुमच्या माझ्यासारखाच कोरा असतो.

लॅरी नासरचं नाव ऐकलं असेल. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स टीमचा डॉक्टर, ट्रीटमेंटच्या नावाखाली मुलींवर लैंगिक अत्याचार करायचा. नावाजलेला, गोड बोलणारा, पालकांचा लाडका. नव्वदच्या दशकापासून मुली मोठ्यांना सांगत होत्या अन् मोठे म्हणत होते की अगं, ती ट्रीटमेंट असते. काही वेळा तर मुलीची आई त्याच खोलीत बसलेली असायची अन् तो असा उभा राहायचा की तिला दिसू नये. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या कोर्टात दीडशेच्या वर मुली अन् बायका उभ्या राहून बोलल्या तेव्हा कुठं त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा लागली. त्या माणसाची पडताळणी कितीही वेळा केली असती तरी त्या सगळ्या वर्षांमध्ये काय निघालं असतं? काही नाही.

म्हणून मी नेहमी म्हणते की कागद हा गेटवरचा वॉचमन आहे, आत काय होतं ते त्याला दिसत नाही. आत काम करतात ते ग्राउंडवरचे नियम, अन् आम्ही भांडतो ते जास्त या नियमांवरूनच.

मग ग्राउंडवर काय नियम आहेत?

मूळ नियम एकच, मोठा माणूस अन् मूल एकटे, बंद जागेत, कोणाला न दिसता, असं कधीच नाही. बाकी सगळं त्यातून निघतं.

फिजिओचा तंबू दोन बाजूंनी उघडा असतो. पायाला गोळा आला तर तिथंच सगळ्यांसमोर पाहायचं, मांडीच्या वर काही दुखत असेल तर सोबत मुलाचा एक ओळखीचा मोठा माणूस पाहिजे अन् मुलीसाठी बाईच पाहणार. बाई फिजिओ मिळाली नाही म्हणून मागच्या वर्षी पहिल्या दिवशी आम्ही मुलींना बर्फ लावून सरळ डॉक्टरांकडे पाठवत होतो, पालक चिडले, पण ते परवडलं.

कबड्डीचं वजन हा एक विषय आहे. अर्ध्या किलोसाठी कपडे काढून काट्यावर उभं करायची सवय आहे लोकांना, आमच्याकडे ते बंद. टी-शर्ट अन् शॉर्ट्सवरच वजन, कपड्यांचं वजन सगळ्यांना सारखंच धरतो, मुलींचं वजन बाई घेणार, सोबत दुसरी बाई. यावरून पंचांशी वाद झालाय, होऊ दे.

चेंजिंग रूममध्ये मुलं बदलत असताना मोठ्यांनी जायचं नाही. कोचनं नाही, अन् आई-बाबांनीही नाही. लेकराची लेस बांधायची आहे म्हणून आत घुसणाऱ्या बाबांना कळत नाही की तिथं दुसऱ्यांचीही लेकरं आहेत. काही बोलायचं असेल तर दारातून आवाज द्या. अन् आत मोबाइल कोणीच न्यायचा नाही, मुलांनीही नाही, कारण मुलंच मुलांचे फोटो काढतात अन् मग ते कुठल्या ग्रुपवर फिरतात देव जाणे.

पण शिकवताना हात तर लावावाच लागतो ना?

लागतो. खो-खोमध्ये पाठीला थाप मारूनच खो देतात, कबड्डी तर सगळी पकडापकडीचीच. कोणी म्हणत नाही की कोचनं दहा फुटांवरून शिकवावं. पण आधी सांगा, "मी तुझा खांदा धरून दाखवतो, चालेल?", सगळ्यांसमोर दाखवा, अन् मूल अंग चोरून घेत असेल तर सोडून द्या. शिकवणीचा स्पर्श कोणता ते मुलांना बरोबर कळतं, अडाणी आपण असतो.

बाहेरगावच्या टीमचा मुक्काम कसा असतो?

चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळकडून टीम येतात, शाळेच्या हॉलमध्ये उतरतात. मुलांचा हॉल वेगळा, मुलींचा वेगळा, अन् मुलींच्या टीमसोबत बाई मॅनेजर किंवा बाई कोच नसेल तर एन्ट्री घेत नाही. २०२२ मध्ये सायकलिंगच्या एका परदेशी शिबिरात महिला खेळाडूनं कोचवर गैरवर्तनाचा आरोप केला तेव्हापासून भारतीय क्रीडा प्राधिकरणानंही सांगितलंय की महिला खेळाडूंच्या पथकासोबत महिला कोच पाहिजेच. राष्ट्रीय टीमला जे लागतं ते तेरा वर्षांच्या पोरीला नको का? कोच मुलांच्या हॉलमध्ये झोपत नाही, बाजूच्या खोलीत झोपतो, रात्री राउंड मारायचा तर दोघांनी मिळून. पैसे वाचवायला सर अन् दोन पोट्टे एका लॉजच्या रूमवर, हे बिलकुल नाही.

सर मुलीला रात्री मेसेज करतात, पण प्रॅक्टिसबद्दलच. त्यात काय बिघडलं?

प्रॅक्टिसबद्दल असेल तर ग्रुपवर टाकायला काय हरकत आहे. आमचा नियम, कोच मुलांना पर्सनल मेसेज करत नाही, टीमचा ग्रुप असतो अन् त्यात प्रत्येक मुलाच्या घरचं एक जण असतं. हे असं हळूहळूच होतं बाप्पा, आधी "छान खेळलीस", मग "घरी नको सांगू, नवीन शूज घेऊन देतो", मग काय काय. लैंगिक हेतूनं फोनवरून किंवा ऑनलाइन मुलाच्या सारखं मागे लागणं हाही पोक्सोखाली गुन्हा आहे, प्रत्यक्ष हात लावला नाही तरी.

फोटोंचं थोडक्यात: बक्षीस समारंभाचे ग्रुप फोटो आम्ही टाकतो, ज्यांच्या पालकांनी फॉर्मवर नाही म्हटलं त्यांना वगळून. नावासोबत शाळा अन् वर्ग लिहीत नाही. उड्या मारतानाचे, स्ट्रेचिंगचे क्लोज-अप रील कोणी काढून राहिला तर त्याला जाऊन विचारा की भाऊ, तुमचं मूल कोणतं. खूपदा उत्तर येतं, कधी येत नाही.

मुलानं आम्हाला येऊन काही सांगितलं तर करायचं काय?

बसा. ऐका. "तू काहून गेली होतीस तिथं", "आधी का नाही बोललास" हे तोंडातून काढू नका. वीस प्रश्न विचारू नका, चार लोकांसमोर परत परत सांगायला लावू नका, प्रत्येक वेळी सांगताना लेकरू परत तिथंच जाऊन येतं अन् पुढं केसमध्येही त्याचा त्रास होतो. कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. त्यानं जे शब्द वापरले तेच लिहून ठेवा, वेळ टाका. नुकतंच झालं असेल तर आंघोळ घालायची, कपडे धुवायची घाई करू नका.

मग लगेच पोलिसांना कळवायचं. ११२ लावा, किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, चोवीस तास, फुकट. ज्याला गुन्हा झाल्याचं कळलं त्यानं पोलिसांना सांगायलाच पाहिजे असं पोक्सोचं कलम १९ आहे, अन् नाही सांगितलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल दाबून ठेवलं तर एक वर्षापर्यंत. "आधी आपण चौकशी करू मग पाहू" असं म्हणायचा अधिकार कोणत्याही क्लबला नाही, अध्यक्षांनाही नाही. अन् "आपसात मिटवून घेऊ, पोरीच्या बदनामीचं पाहा" असं म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच, बहुतेक तोच सगळ्यात वजनदार माणूस असतो.

लोकं पोलीस स्टेशनच्या नावानं घाबरतात म्हणून हेही सांगते, मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घेतात, शक्यतो बाई अधिकारी घेते, सब-इन्स्पेक्टरच्या खालची नाही, अन् वर्दीत नाही. मुलाला रात्री पोलीस स्टेशनमध्ये ठेवत नाहीत. नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही कोणी छापायचं नाही, अन् व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड तर अजिबातच नाही, "न्याय द्या" असं लिहूनही नाही.

अन् तक्रार खोटी निघाली तर? एखाद्याचं आयुष्य बरबाद होईल.

चांगल्या हेतूनं कळवलं अन् पुढं काही सिद्ध झालं नाही तर कळवणाऱ्यावर केस होत नाही, हे कायद्यातच आहे. बदनाम करायला किंवा पैसे उकळायला मुद्दाम खोटी तक्रार केली तर मोठ्यांना शिक्षा आहे, मुलाला नाही. खरं-खोटं पोलीस अन् कोर्ट पाहील. निवड झाली नाही म्हणून पालकांनी कोचवर राग काढला, असं होऊ शकतं का? होऊ शकतं. त्याच्यावरचा इलाजही तोच उघडा तंबू आहे, चांगल्या कोचला तो सगळ्यात जास्त वाचवतो. हे पटलं तेव्हा रागावलेले काही सर परत आले.

कोच मारतात, शिव्या देतात, ते पण यात येतं का?

येतं. "दोन ठेवून दिल्याशिवाय पोरगं घडत नाही" हे म्हणणारे पालकच जास्त आहेत, कोच नंतर. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानंच त्याला मारलं, छळलं तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. आमच्या ग्राउंडवर कोचनं थापड मारली तर तो कोच त्या दिवशी बाहेर, टीम खेळते. हरल्यावर उन्हात राउंड मारायला लावणं हेही मारणंच झालं, नागपूरच्या उन्हात तर जास्तच. मार्चच्या नंतर आम्ही दहा ते साडेचार मॅच ठेवत नाही.

वय लपवलेली मुलं येतात त्याचं काय?

जन्मदाखला अन् शाळेचं बोनाफाइड, दोन्ही ओरिजिनल पाहतो. लोकं याला बक्षिसाची चोरी म्हणतात, पण १४ च्या गटात १७ वर्षांचा पोट्टा घुसला अन् त्यानं कबड्डीत बारक्या मुलाला उचलून आपटलं तर हात मोडतो, म्हणून ते इथं लिहिलंय.

अठराच्या वरच्या मुली, बाई कोच यांना त्रास झाला तर?

पोक्सो अठरापर्यंतच. वरच्या वयासाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा, अन् त्यात स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेची जागा हे सगळं कामाचं ठिकाणच धरलंय. दहा किंवा जास्त लोकं काम करत असतील तिथं अंतर्गत समिती पाहिजे, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार शक्यतो तीन महिन्यांच्या आत. पोलिसांत जायचा रस्ता वेगळा उघडा असतोच.

मूल न्यायला कोण येऊ शकतं? यायला उशीर झाला तर?

फॉर्मवर ज्या दोघांची नावं तेच. शेजारचे काका येणार असतील तर आई किंवा बाबांनी आम्हाला फोन करायचा, मुलाच्या फोनवरून आलेला मेसेज धरत नाही. कोचनं एकट्या मुलाला आपल्या गाडीवर बसवून घरी सोडायचं नाही, रस्त्यातच घर असलं तरी नाही. हे सगळ्यात जास्त मोडलं जातं कारण त्यात सगळ्यांची सोय असते.

उशीर झाला तर आमचे दोघं थांबतात, एक नाही. मागच्या वर्षी बुटीबोरीला शिफ्ट असलेले एक बाबा पावणेनऊला पोचले, घामाघूम, माफी मागत. त्यांचं पोरगं तोपर्यंत आमच्या दोन ताईंसोबत फाटकाजवळच्या लाइटखाली बसून तर्री-पोहे खात होतं अन् त्याला घरी जायचंच नव्हतं.